स्वस्त तिकीट कोणासाठी स्वस्त?

भंडारदऱ्यापासून मुंबईचा विमानतळ सुमारे 180 किलोमीटरवर आहे. तिथल्या शेंडी गावाहून घोटी, मग इगतपुरी, पुढे कसारा घाट किंवा जून 2025मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा, आणि शेवटी भिवंडी-ठाण्याची गर्दी. अमेरिकेतल्या मुलीकडे निघालेले आईवडील असोत की जर्मनीत शिकायला चाललेला राजूर-अकोल्याचा विद्यार्थी, त्यांचा लांबचा प्रवास या रस्त्यावरच सुरू होतो. मोबाइलवर भावाच्या क्रमाने लावलेल्या तिकिटांच्या यादीत मात्र हा रस्ता कुठेच दिसत नाही. त्यामुळे ‘सगळ्यांत स्वस्त विमान कंपनी कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. लांब पल्ल्यासाठी कायम स्वस्त अशी कंपनी नसते. एखादं तिकीट एखाद्या प्रवाशाला स्वस्त पडतं, आणि तेही त्याचं सामान, त्याचा व्हिसा, त्याचं गाव आणि वाटेत काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची, हे सगळं धरून. हा हिशेब चुकतो तो काही पक्क्या झालेल्या गैरसमजांमुळे.

गैरसमज: लो-कॉस्ट कंपनी म्हणजे लांबचा प्रवासही स्वस्त

लो-कॉस्ट कंपनीचं गणित जवळच्या अंतरावर बसतं. राजूर-अकोले मार्गावरची वडाप जीप जितक्या फेऱ्या मारेल तितका तिचा खर्च वाटला जातो. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर विमानाचंही तसंच. ते उतरतं, अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडतं आणि दिवसभर कमावतं. दहा-बारा तासांच्या उड्डाणात हा फायदा जवळजवळ संपतो. इंधनाचा खर्च सगळ्यांना सारखाच लागतो, आणि इतका वेळ बसलेल्या माणसाला जेवण, पांघरूण, सामान हे सगळं हवंच असतं. ते वेगळ्या पैशांनी घेतलं की फरक मिटत जातो. इतिहासही हेच सांगतो. 1977मध्ये लंडन-न्यूयॉर्कदरम्यान सुरू झालेली लेकर एअरवेजची ‘स्कायट्रेन’ 1982मध्ये बंद पडली. आइसलँडच्या ‘वॉव एअर’ने डिसेंबर 2018मध्ये दिल्लीहून उड्डाणं सुरू केली आणि मार्च 2019मध्ये कंपनीच बुडाली. नॉर्वेजियनने जानेवारी 2021मध्ये लांब पल्ल्याचा व्यवसाय गुंडाळला. यावर कोणी म्हणेल की सिंगापूर एअरलाइन्सच्या मालकीची स्कूट टिकून आहे आणि इंडिगोनेही जुलै 2025मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट उड्डाणं सुरू केली. खरं आहे. शिवाय एप्रिल 2019मध्ये थांबलेली जेट एअरवेज तर लो-कॉस्ट नव्हती, पूर्ण सेवेची होती. तेव्हा नावावर विश्वास टाकू नये आणि नावावर फुलीही मारू नये. भाव मार्गावरच्या स्पर्धेवर ठरतो. आखाती कंपन्या दुबई किंवा दोह्याला अनेक देशांचे प्रवासी एकत्र करून पुढची विमानं भरतात, म्हणून त्यांचं एक थांबा असलेलं तिकीट थेट विमानापेक्षा पुष्कळदा कमी पडतं. थेट उड्डाणाला वेळ वाचवण्याची किंमत मोजावी लागते.

गैरसमज: यादीत सर्वांत वर तेच सर्वांत स्वस्त

तिकिटाचा कागद एकदा नीट वाचावा. ‘बॅगेज’च्या पुढे ‘2पीसी’ असेल तर दोन बॅगा, ‘1पीसी’ असेल तर एक, ‘30के’ असेल तर एकूण 30 किलो. एका बॅगेला साधारणपणे 23 किलोंची मर्यादा असते. ‘निल’ लिहिलेलं असेल तर फक्त हातातली बॅग. त्याच कागदावर ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक अक्षरांतली ओळ असते. तिकीट एका कंपनीचं असलं तरी विमान दुसऱ्याच कंपनीचं आहे, हे तिथे कळतं. समजा, एक तिकीट 78,000 रुपयांचं आहे आणि त्यात एकच बॅग आहे. दुसरं 86,000चं आहे आणि त्यात दोन आहेत. मुलीसाठी मसाले, तांदूळ, लोणची घेऊन निघालेल्या आईवडिलांना दुसरी बॅग न्यायचीच असते, आणि विमानतळावर ती विकत घेतली तर आठ हजारांचा फरक पुरत नाही. उलट, एका पाठपिशवीवर निघालेल्या विद्यार्थ्याला पहिलंच तिकीट खरोखर स्वस्त आहे. ठरावीक वारी तिकीट काढलं की स्वस्त पडतं, पुन्हा पुन्हा शोधलं की वाढतं, या समजुतींना ठोस आधार नाही. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाडेगटांत विभागलेल्या असतात. खालचा गट संपला की वरचा भाव दिसू लागतो.

गैरसमज: दोन वेगळी तिकिटं जोडली की पैसे वाचतात

भंडारदऱ्याच्या माणसाला हा मोह लवकर होतो, कारण काकडी गावचा शिर्डी विमानतळ मुंबईपेक्षा बराच जवळ आहे. शिर्डीहून दिल्लीचं एक तिकीट आणि दिल्लीहून परदेशाचं दुसरं, असा बेत कागदावर सोपा वाटतो. पण दोन पीएनआर, म्हणजे दोन आरक्षण क्रमांक, हे दोन वेगळे करार असतात. शिर्डीचं विमान उशिरा पोचलं आणि दिल्लीचं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण ‘नो-शो’, म्हणजे न आलेले प्रवासी. पुढचं तिकीटच काय, परतीचंही बहुधा रद्द होतं. सामानही दिल्लीत उचलून पुन्हा द्यावं लागतं. तेच दोन टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर जोडविमान चुकल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. ‘कितीतरी लोक असं करतात आणि पोचतातही,’ हा आक्षेप चुकीचा नाही. मध्ये पूर्ण दिवस ठेवला तर धोका खूप घटतो. पण मग त्या दिवसाचं हॉटेल आणि जेवण तिकिटाच्या भावात मिळवायला हवं. घाटरस्त्याचंही तेच. मुंबईहून बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तीन तास आधी पोचायचं असतं. पावसाळ्यात धुकं, दरड, कोंडी धरून दुपारीच निघावं लागतं, आणि परतताना रात्री दोनला उतरल्यावर खासगी गाडी किंवा मुक्काम, यापैकी एक खर्च ठरलेलाच.

गैरसमज: विमानतळाबाहेर पडायचंच नाही, मग व्हिसा कशाला?

स्वस्त तिकीट सर्वांत महाग पडतं ते इथे, कारण चूक लक्षात येते तेव्हा आपण मुंबईच्या काउंटरवर उभे असतो. अमेरिकेत ‘फक्त ट्रान्झिट’ अशी सवलत भारतीयांना नाही. न्यूयॉर्कमार्गे टोरांटोला जायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ब्रिटनमधून पुढे जातानाही साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि अमेरिकेच्या वैध व्हिसासारखी काही कागदपत्रं असतील तरच सूट मिळते. युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रातल्या दोन विमानतळांवर विमान बदललं, तर मधलं उड्डाण देशांतर्गत धरलं जातं आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येक थांब्याचा नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याच दिवशी पाहावा. हे नियम बदलत राहतात.

गैरसमज: नॉन-रिफंडेबल म्हणजे सगळे पैसे बुडाले

भारतीय कंपन्यांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम स्पष्ट आहे. तिकीट रद्द केल्यास सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं, सवलतीच्या तिकिटावरसुद्धा. आणि रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असू शकत नाही. बरेच प्रवासी मागतच नाहीत, म्हणून ते पैसे पडून राहतात. विलंबाचंही तसंच. युरोपीय संघातून सुटणारं कोणत्याही कंपनीचं, किंवा तिकडे जाणारं संघातल्याच कंपनीचं विमान कंपनीच्या दोषामुळे तीन तासांहून अधिक उशिरा पोचलं, तर लांब पल्ल्यासाठी 600 युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्थान्साने गेल्यास हे संरक्षण आहे. दुबईमार्गे आखाती कंपनीने जाताना नाही. अशा हक्काचीही किंमत तिकिटाच्या भावात धरायला हवी.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: शेतीवर चालणाऱ्या घराला दहा हजारांचा फरक मोठा असतो, तिथे हक्क आणि हमी यांचा विचार कसा परवडणार? पण ज्याच्याकडे चूक निस्तरायला जास्तीचे पैसे नाहीत, त्यालाच चूक न होण्याची गरज सर्वाधिक आहे. चुकलेलं विमान श्रीमंताला मनस्ताप देतं. साध्या घराला ते वर्षभर फेडावं लागणारं कर्ज देतं. म्हणून तिकीट मोबाइलवर काढा की संगमनेर-नाशिकच्या एजंटकडून, पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का, सामान किती, थांब्याला व्हिसा लागतो का, आणि रद्द केल्यास नेमके किती रुपये परत मिळतील. त्यात घर ते विमानतळाचा जाण्यायेण्याचा खर्च मिळवावा आणि मगच दोन तिकिटांची तुलना करावी. ज्या एजंटला ही चार उत्तरं लिहून देता येत नाहीत, त्याच्याकडचं स्वस्त तिकीट सोडून दुसऱ्या दारी जावं.