पाळणाघरातली खेळणी: किती काढायची, कुठे ठेवायची, कुणी आवरायची

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला बेल वाजते. लोकलमधून उभ्यानं आलेली आई दारातूनच आत डोकावते. सतरंजीवर ठोकळे, भातुकलीतली परात सोफ्याखाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून झोपवलेली बाहुली. "अगंबाई, काकू, केवढा हा पसारा! तुम्ही दिवसभर हेच आवरत बसत असाल." बोलण्यात माया असते. पण एवढ्याशा वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: पसारा मुलं करतात आणि आवरायचा मोठ्यांनी.

डोंबिवलीत राहत्या घरात मी चौदा वर्षं पाळणाघर चालवते आहे. मुलं आठ, सगळ्यात धाकटं दहा महिन्यांचं, मोठी साडेपाच वर्षांची. मदतीला एक मावशी. दिवसा खेळायला जो हॉल, तिथेच रात्री आमच्या घरच्या गाद्या पडतात. बालवाडीसारखा वर्गाला कडी घालून घरी जायचा मार्ग इथे नाही. त्यामुळे खेळणी मुलांच्या हाती कशी द्यायची आणि ती जागेवर परत कशी यायची, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. त्याबद्दलचे गैरसमज पालकांमध्ये आहेत तसे पाळणाघर चालवणाऱ्या आम्हा बायकांमध्येही आहेत.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की भरपूर खेळणी समोर असली की मुलं गुंतून राहतात. सुरुवातीला मीही तसंच केलं होतं. तीन मोठे टब भरून खेळणी. शेजाऱ्यांनी दिलेली, वाढदिवसाची, चाकं निखळलेली, सगळी एकत्र. सकाळी पहिलं मूल यायचं, टब उलटा करायचं, खळ्ळकन आवाज व्हायचा आणि दोन मिनिटांत ते मूल त्या ढिगावरून चालत माझ्या पदराशी यायचं. खेळायला काहीच नाही म्हणून. खरोखरच नव्हतं. कपबशीतली बशी एका टबात, कप दुसऱ्या टबात. कोड्याचे अर्धे तुकडे हरवलेले. ढिगातून खेळ उभा राहत नाही.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांपुढे त्यांनी एकदा चार खेळणी ठेवली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि तेच खेळणं जास्त तऱ्हांनी वापरलं. यातला चारचा आकडा मात्र उचलून पाळणाघरात आणायचा नाही. तिथे मूल एका वेळी एकच होतं. आठ मुलांच्या हॉलमध्ये चार खेळणी ठेवली तर रडारड ठरलेली. आमच्याकडे आठ-नऊ प्रकार बाहेर असतात: ठोकळे भरपूर, भातुकली पूर्ण, दोन बाहुल्या, गाड्या, दोन-तीन कोडी, चित्रांची पुस्तकं, ओढायचं एखादं खेळणं, बाळांसाठी एक टोपली. बाकी सगळं दिवाणात. शनिवारी मुलं नसताना मी अदलाबदल करते. महिनाभर दिवाणात राहिलेला लाकडी बैल बाहेर आला की नवा आणल्यासारखा त्याच्याभोवती घोळका होतो.

ही फिरती मुलांकडे बघून करायची असते, कॅलेंडर बघून नव्हे. एका अडीच वर्षांच्या मुलाचा लाल टेम्पो मी ठरल्याप्रमाणे आत टाकला. सोमवारी तो आला, शेल्फ बघितलं, सोफ्याखाली वाकून बघितलं, मोरीत जाऊन बघितलं आणि मग ओठ काढून रडायला लागला. त्या आठवड्यात टेम्पो हेच त्याचं काम होतं. त्यात डाळीचे दाणे भरून तो रोज स्वयंपाकघरापर्यंत "माल" पोचवायचा. ज्या खेळण्यात जीव अडकला आहे ते बाहेरच राहतं, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसरी समजूत अगदी उलट टोकाची. खेळणी कपाटात वर ठेवा, कुलूप लावा, मागतील तसं एकेक काढून द्या, शिस्त लागते. यात शिस्त कुणालाच लागत नाही, ताईचं मात्र दुकान होतं. ज्याला बोलता येतं तो मागतो. ज्याला येत नाही तो बोट दाखवून रडतो. शिवाय जी वस्तू कपाटातून कुणीतरी काढून दिली, ती परत ठेवणंही त्याच कुणाचं तरी काम, हा मुलांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

या कपाटाची एक जुनी गोष्ट आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथलं साहित्य कुलपात असायचं. बाई ते वाटायच्या आणि गोळा करून ठेवायच्या. बाई वस्तू ठेवायला निघाल्या की मुलं मागे मागे जायची, पुन्हा जागेवर पाठवली तरी परत यायची. वस्तू आपल्या हातांनी जागेवर ठेवायची त्यांची इच्छा आहे हे मॉन्टेसरींच्या लक्षात आलं आणि ते काम मुलांकडे गेलं. पुढे एके दिवशी बाई कपाटाला कुलूप लावायला विसरल्या आणि सकाळी उशिरा आल्या. बघतात तर कपाट उघडं, मुलं त्याच्याभोवती, कुणी वस्तू घेऊन चाललेलं. बाईंना ती चोरी वाटली. मॉन्टेसरींनी त्याचा अर्थ असा लावला, की मुलांना आता वस्तू इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की ती स्वतः निवडू शकतात. त्यानंतर मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. मुलं आपण होऊन आवरू बघत होती, ही गोष्ट मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते.

महागडं साहित्य हवं असंही यात काही नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरींचे विचार आपल्याकडे रुजवले. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूच साधनं झाल्या. माझ्याकडचं बुटकं शेल्फ म्हणजे एका पालकांनी टाकायला काढलेलं पुस्तकांचं कपाट आहे. ते आडवं केलं, भिंतीला दोन ठिकाणी पट्ट्या मारून घट्ट बसवलं. हे भिंतीला बसवणं सोडू नका. मूल फळीला धरून उभं राहतंच, आणि रिकामं कपाट अंगावर यायला फार जोर लागत नाही.

कुलूप चुकीचं म्हणून सगळंच उघडं ठेवायचं असंही नाही. आमच्यासारख्या घरांत वयं मिसळलेली असतात. साडेपाच वर्षांची मुलगी मणी ओवते आणि दहा महिन्यांचं बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. खेळणं किंवा त्याचा सुटा भाग त्यात पूर्ण मावला तर तो या वयाला धोक्याचा. म्हणजे साधारण सव्वा इंच. छोट्या चेंडूंसाठी मर्यादा आणखी मोठी, ४४.५ मिलिमीटर. गोटी, मणी, बाहुलीचा बूट, पेनाचं टोपण हे सगळं त्याच्या आतलं. बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. म्हणून माझ्याकडे सेलवर चालणारं कुठलंही खेळणं स्क्रूच्या झाकणाशिवाय येत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना सूट आहे. कुणी प्रेमानं खेळणं आणून दिलं तरी मी आधी ते चिन्ह शोधते.

मणीकाम डायनिंग टेबलावर होतं. बाळ दुपारी झोपलं की मोठ्या मुली खुर्च्यांवर चढून बसतात, पुढ्यात काठाचं ताट असतं, उठताना मणी मोजून घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. मोजणी त्याच करतात. एक मणी कमी आला तर तो सापडेपर्यंत बाळाला खाली ठेवायचं नाही, या नियमाची आठवण त्या मुलीच मला करून देतात.

"हा काही देतच नाही कुणाला, हट्टी झालाय." दोन वर्षांच्या मुलाबद्दल ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी ऐकते. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाची जी निरीक्षणं मांडली, त्यांत लहान वयात मुलं शेजारी बसून आपापला खेळ खेळतात आणि एकत्र खेळणं वयाबरोबर वाढत जातं असं दिसलं. दोन वर्षांच्या मुलाला "वाटून घे" म्हणजे "हातातलं सोडून दे" एवढंच कळतं. त्यामुळे धाकट्यांच्या आवडीच्या वस्तू माझ्याकडे दोन-दोन आहेत आणि हातात असलेली वस्तू कुणी ओढून घ्यायची नाही. ज्याला हवी त्याला मी सांगते, "त्याचं झालं की तुझं," आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी बसते. बसणं महत्त्वाचं. नुसतं सांगून मी स्वयंपाकघरात गेले तर तो शब्द पोकळ ठरतो.

आता आवराआवर. एवढीशी पोरं काय आवरणार, हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं, की दीड वर्षाची मुलंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात. त्याच दोघांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग केला. मदत केल्याबद्दल ज्यांना काही वस्तुरूप बक्षीस मिळालं, ती पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा फक्त शाबासकी मिळाली होती, त्यांची मदत तशीच राहिली. "आवरलंत तर चॉकलेट" हे म्हणूनच माझ्या घरात बंद आहे. ज्या गोष्टीची मुळात ओढ आहे तिला आपण मजुरी लावून ठेवतो.

मुलं आवरत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा आपलं सांगणंच त्यांच्या हातात मावत नाही. "चला, सगळं आवरा" हे वाक्य तीन वर्षांच्या मुलासाठी समुद्र उपसण्यासारखं आहे. "गाड्या गॅरेजमध्ये" हे कळतं. "पाच मिनिटांत" हे कळत नाही, घड्याळ त्यांचं नाही. "बाहुली जेवली की" हे कळतं. प्रत्येक डब्यावर आतल्या खेळण्याचा फोटो चिकटवलेला आहे आणि डबे श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, छोटे; एका मुलाला दोन हातांनी उचलता येतील असे. सगळं एका पिंपात कोंबलं तर हॉल दोन मिनिटांत स्वच्छ दिसतो खरा, पण उद्या सकाळी ते पिंप पुन्हा उलटंच होणार, कारण तळाची वस्तू मिळवायचा दुसरा रस्ता मुलाला ठेवलेलाच नाही. जड झाकणाची खेळण्यांची पेटी तर नकोच. झाकण मानेवर किंवा बोटांवर पडतं.

सव्वा वर्षाची एक मुलगी आवरायला बसते तेव्हा बघावं. ठोकळा उचलते, दोन्ही हातांनी डब्यात सोडते, टक्क वाजतं. ती वाकून आत बघते, ठोकळा आहे. बाहेर काढते. पुन्हा टक्क. दहा मिनिटांत तिचे चार ठोकळे आत जातात आणि तीन बाहेर येतात. ती आवरत नाहीये असं ज्याला वाटेल त्याने तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघावं. मी शेजारी बसून माझे ठोकळे टाकत राहते, गुणगुणत राहते. रोज तीच चाल असते, त्यामुळे चाल सुरू झाली की सांगावं लागत नाही.

घरात आवरण्याला कारणही खरं असतं, आणि खरं कारण मुलांना पटतं. "इथे आता आजोबांचं ताट मांडायचंय" म्हटलं की सतरंजीचं टोक धरायला तिघं धावतात. माझ्या सासऱ्यांना मुलं ओळखतात, त्यांना सात वाजता भूक लागते हेही त्यांना ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा समजले. आवरायचं म्हणजे उभं केलेलं सगळं मोडायचं, असं मी धरून चालले होते. चार वर्षांच्या एका मुलानं दुपारभर खपून ठोकळ्यांचा पूल केला होता, खालून गाडी जाईल असा. साडेपाचला मी सवयीनं म्हटलं, "चला, डब्यात." त्यानं आवरलं. रडला नाही, बोलला नाही, एकेक ठोकळा ठेवला. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांना हात लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हापासून खिडकीजवळचा टीपॉय "चालू कामाचा" आहे. ज्याचं काही अर्धं राहिलंय, त्यानं ते पाटावर उचलून तिथे ठेवायचं. माझी मदत लागली तर मागायची. रात्री आमच्या घरातलं कुणी त्याला धक्का लावत नाही, वर्तमानपत्रही तिथे ठेवत नाहीत.

परवा संध्याकाळी पुन्हा सव्वासहाला बेल वाजली. सतरंजी गुंडाळून झालेली, डबे फळीवर, टीपॉयवर मात्र ठोकळ्यांचं काहीतरी तीनमजली. "हे राहिलं की काय आवरायचं?" म्हणत आई पुढे झाली. मुलगी मध्ये आली, आईचा हात धरून तिला खाली बसवलं आणि जिन्याच्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथून उद्या लिफ्ट."