वेण्णा तलावाच्या पलीकडे

दोस्तांनो, बिडकीनहून सहल महाबळेश्वरला निघाली की बेत ठरलेला! वेण्णा तलावात होडी, काठावर घोडा आणि गरमागरम कणीस. पण हा तलाव माणसांनी बांधलेला आहे बरं का. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये तो पाण्याच्या सोयीसाठी बांधवला. गाव आजही हेच पाणी पितं, तेव्हा खाल्लेलं कणीस त्यात भिरकावू नका!

बाजारपेठेपासून सहाएक किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे. तिथल्या पंचगंगेच्या देवळात गर्दी असते. जवळचंच कृष्णाबाईचं देऊळ मात्र पुष्कळजण बघतच नाहीत. काळा दगड, त्यावर शेवाळ, गोमुखातून कुंडात पडणारी धार. पाय जपून टाका, फरशी निसरडी असते. ही धार म्हणजेच कृष्णा, असं मानतात. समोर तिचं खोल खोरं दिसतं. ती पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आपल्या पैठणच्या गोदावरीसारखीच. आणि सावित्री? तीही याच डोंगरातली, पण पश्चिमेला उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्र गाठते!

‘चला, उशीर होतोय’ असं सर म्हणतीलच. त्यांच्याकडून अर्धा तास आधीच मागून ठेवा.