बारा मिनिटांची जुगलबंदी

एकाच वाद्याचे दोन पट्टीचे वादक समोरासमोर आले, की श्रोता नकळत पंचाच्या भूमिकेत शिरतो. कोण सरस ठरला, याचा निवाडा मैफल संपण्याआधीच सुरू होतो. जॅझच्या दुनियेत असा वाद वर्षानुवर्षे रंगत आला आहे तो सनी रोलिन्स यांच्या ‘टेनर मॅडनेस’ या अल्बमच्या शीर्षकरचनेवरून. रोलिन्स आणि जॉन कोल्ट्रेन हे टेनर सॅक्सोफोनचे दोन दिग्गज एकत्र वाजवताना ऐकू येतात, असे ज्ञात असलेले हे एकमेव ध्वनिमुद्रण. त्याची लांबी आहे जेमतेम सव्वाबारा मिनिटे.

२४ मे १९५६ रोजी न्यूजर्सीतील हॅकनसॅक येथे, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत हे मुद्रण झाले. स्टुडिओ कसला, आई-वडिलांच्या घराचा तो दिवाणखाना! व्हॅन गेल्डर यांचा पेशा डोळे तपासून चष्मे देण्याचा. ध्वनिमुद्रण उरलेल्या वेळात. त्या वेळी रोलिन्स होते २५ वर्षांचे, तर कोल्ट्रेन २९ वर्षांचे. नावलौकिकाचा हिशेब मात्र उलटा होता. वयाने धाकटे रोलिन्स प्रस्थापित झाले होते आणि माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात १९५५मध्ये दाखल झालेल्या कोल्ट्रेन यांची ओळख अजून व्हायची होती. पियानोवर रेड गार्लंड, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स हे तिघेही याच पंचकातले. म्हणजे अल्बम रोलिन्स यांचा, पण साथीदार कोल्ट्रेन यांच्या रोजच्या बैठकीतले.

रचना साधी आहे. बारा बारांचा ब्लूज; प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. आपल्याकडील तालाच्या आवर्तनापेक्षा फरक इतकाच, की येथे मात्रांबरोबर कोणत्या ठिकाणी कोणता स्वरसंघ यायचा, हेही ठरलेले असते. या आखीव वाटेवरून वादकाने प्रत्येक फेरीत नवे काही सांगत जायचे.

दोघे मिळून धून वाजवतात आणि मग प्रथम पुढे येतात कोल्ट्रेन. त्यांचा सूर टोकदार, किंचित कोरडा. वाक्ये लांब आणि स्वरांनी गच्च भरलेली. एका स्वरसंघात किती शक्यता दडल्या आहेत, त्या सगळ्या आताच तपासून पाहायच्या, अशी एक अस्वस्थता त्या वादनात आहे. त्यानंतर रोलिन्स येतात आणि हवाच बदलते. सूर भरीव होतो, त्याला गोलाई येते. एखादा छोटासा तुकडा घेऊन ते त्याला उलटसुलट करतात, लयीच्या जरा मागे रेंगाळतात, मध्येच गप्प राहतात. त्यांच्या वादनात मिस्कीलपणाही आहे. वाद्य तेच, आवर्तन तेच, साथीदारही तेच. बदलतो तो फक्त माणूस. या ध्वनिमुद्रणाची खरी गंमत ही आहे.

गार्लंड आणि चेंबर्स यांची आवर्तने झाल्यावर चार-चार बारांचे सवाल-जवाब सुरू होतात. येथे पंच म्हणून बसलेल्या श्रोत्याची पंचाईत होते. एकाचे वाक्य दुसरा उचलतो, सूर एकमेकांच्या जवळ सरकतात आणि आता कोण वाजवतो आहे, हे सांगताना कसलेला कानही क्षणभर अडखळतो. हा सामना होता, असे मानणाऱ्यांनी हा भाग पुन्हा एकदा ऐकावा.

अल्बममधील उरलेल्या चार रचनांत कोल्ट्रेन नाहीत. त्यांतील ‘पॉल्स पाल’ ही रोलिन्स यांची धून आवर्जून ऐकण्याजोगी. बाकीच्या नेटक्या आहेत, इतकेच. अवघ्या महिन्याभराने, २२ जून १९५६ रोजी रोलिन्स यांनी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ मुद्रित केला आणि स्वतःचीच उंची ओलांडली.

पुढे दोघांच्याही वाटा भारताच्या दिशेने वळल्या, त्या मात्र वेगवेगळ्या रीतीने. कोल्ट्रेन यांनी १९६१मध्ये ‘इंडिया’ ही रचना मुद्रित केली आणि १९६५मध्ये जन्मलेल्या मुलाला पंडित रविशंकर यांचे नाव दिले. त्यांना स्वतःला येथे येणे जमले नाही; १७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रोलिन्स मात्र साठच्या दशकाच्या अखेरीस योग आणि वेदान्ताच्या ओढीने मुंबईत आले आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. १९७८मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तेव्हा तो टेनर येथील रसिकांनी समोर बसून ऐकला.