परदेशातून आलेल्या गिफ्टवर टॅक्स का लागतो? पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहूनही सुटका का होत नाही?

समजा, अमेरिकेतल्या मावशीने भाचीच्या वाढदिवसाला घड्याळ पाठवलं. पार्सल दारात आलं आणि पोस्टमन म्हणाला, “आधी ड्युटी भरा.” भेट मावशीची, पैसे मावशीचे, मग भाचीने सरकारला कसले पैसे द्यायचे?

कारण कस्टम्सच्या दृष्टीने ही वस्तूची आयात आहे. ती विकत घेतली की कुणी प्रेमाने पाठवली, याने फारसा फरक पडत नाही. पूर्वी पडायचा. ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तू ड्युटीशिवाय येत. मग काही चिनी शॉपिंग अॅप्सचा माल ग्राहकांच्या नावाने ‘गिफ्ट’ म्हणून येऊ लागला. डिसेंबर २०१९ मध्ये परदेश व्यापार महासंचालनालयाने ही वाटच बंद केली. आता पोस्ट किंवा कुरिअरने येणारी वस्तू ‘गिफ्ट’ म्हणून ड्युटीशिवाय सोडवता येत नाही. पूर्ण ड्युटी भरली तर मात्र ती खुशाल येऊ शकते. पळवाट काढली कंपन्यांनी, भुर्दंड मात्र मावशी-भाचीला!

मग राखीचं काय?

अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. त्यातही राखीची गंमत आहे. सवलत फक्त राखीला, तिच्यासोबतच्या चॉकलेटच्या डब्याला नाही. आणि राखीचीही सूट सरसकट नाही. सीमाशुल्क कायद्यानुसार ड्युटीची रक्कम १०० रुपये किंवा त्याहून कमी असेल तर ती वसूल होत नाही, त्यात राखी बसते. १०० रुपये ही ड्युटीची मर्यादा आहे, राखीच्या किमतीची नाही. इथे अनेकांचा घोळ होतो.

रक्कम एवढी कशी फुगते?

कारण इथे टॅक्सवर टॅक्स लागतो. आधी मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर मूळ शुल्क ३५ टक्के आणि जीएसटी २८ टक्के होता. म्हणजे १०,००० रुपयांच्या घड्याळावर ३,५०० रुपये शुल्क, ३५० रुपये अधिभार आणि १३,८५० रुपयांवर ३,८७८ रुपये जीएसटी. एकूण ७,७२८ रुपये!

त्यानंतर दर उतरले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १० टक्के करण्याची घोषणा झाली. हिशोबाची रीत मात्र तीच आहे. शिवाय ‘किंमत’ म्हणजे नुसती वस्तूची नाही, तर पाठवण्याचा खर्च आणि विमाही त्यात धरला जातो. पाठवणाऱ्याने फॉर्मवर किंमत मुद्दाम कमी लिहिली, तर कस्टम्स अधिकारी पार्सल उघडून स्वतः किंमत ठरवू शकतात. प्रकरण दंडापर्यंतही जाऊ शकतं. त्यापेक्षा खरेदीची पावती पार्सलमध्येच ठेवलेली बरी.

प्रवाशाच्या सामानाला वेगळे नियम आणि वेगळी सूट आहे. त्यामुळे ‘दिवाळीला येणाऱ्या दादाच्या बॅगेत टाक’ हा घरगुती सल्ला तसा हिशोबीच म्हणायचा.

पैसे नेमके कुणाला द्यायचे?

पोस्टाने आलेलं पार्सल मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटसारख्या विदेश डाकघरात तपासलं जातं. तिथे ठरलेली ड्युटी डिलिव्हरीच्या वेळी पोस्ट खातं वसूल करतं. कुरिअर कंपनी केवायसी कागदपत्रं मागते आणि ड्युटीसोबत स्वतःचं शुल्कही लावते. त्याचं तपशीलवार बिल मागून घ्या.

भामटे नेमका इथेच डाव साधतात. सोशल मीडियावर ओळख होते, ‘तिकडचा’ मित्र दागिने आणि आयफोन पाठवल्याचं सांगतो. दोन दिवसांनी ‘कस्टम्स अधिकारी’ फोन करतो: पार्सल अडकलंय, अमुक खात्यात पैसे भरा, नाहीतर अटक होईल. एकदा पैसे भरले की दुसरा ‘चार्ज’ निघतो. पार्सल कधी नसतंच.

कस्टम्स विभाग कुणाच्या खासगी बँक खात्यात किंवा यूपीआयवर ड्युटी मागत नाही. विभागाच्या पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो. तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेबसाइटवर टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.