सोपे पिस्तूल कोणाच्या हाताला?

शस्त्र परवान्याच्या अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्जदार शरीराने व मनाने ठीक आहे, नशापाण्याच्या आहारी गेलेला नाही, असे आम्ही डॉक्टर तपासून लिहून देतो. अर्जदारांत निवृत्त मंडळी बरीच असतात. सही झाली की त्यांतले काही जण हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, या वयात झेपेल असे हलके, छोटेसे कोणते घ्यावे?" घरात शस्त्र घ्यावेच का, हा वेगळा वाद आहे, माझे मत ‘शक्यतो नको’ असे आहे आणि ते मी सांगतोही. पण प्रश्न डॉक्टरला विचारण्यासारखा आहे खरा. पिस्तूल चालवताना काम पडते ते बोटांना, डोळ्यांना आणि कानांना, आणि या तिन्हींवर वयाचा परिणाम मोजता येतो. फक्त प्रश्नातले ‘हलके, छोटेसे’ हे शब्द माणसाला चुकीच्या दुकानात नेतात.

या गोष्टीचा सर्वांत बारकाईने विचार अमेरिकेत झाला आहे. तेथे हातबंदुकीचे गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच दुकानात येणाऱ्यांत साठी ओलांडलेले लोकही असतात. अशा आजीबाईंपुढे पर्समध्ये मावेल असे छोटेसे पिस्तूल ठेवायचे, ही विक्रेत्यांची जुनी सवय. हातात घेतल्यावर ते खेळण्यासारखे वाटते. पहिली गोळी झाडली की मनगट कळवळते आणि दुसरी झाडण्याची हिंमत होत नाही.

हे का होते, ते शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून कळते. गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते, तेवढ्याच संवेगाने पिस्तूल मागे येते. ‘.३८०’ या मध्यम काडतुसाची गोळी साधारण ६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २९० मीटर. रुगर कंपनीचे एलसीपी हे खिशात मावणारे पिस्तूल सुमारे २७० ग्रॅमचे आहे. स्मिथ अँड वेसनचे ‘शील्ड ईझेड’ सुमारे ५२५ ग्रॅमचे. गोळी तीच, पण बारुदाच्या वायूंचा भाग सोडून हिशेब केला तर पहिल्यात तळहातावर येणारी धक्क्याची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास आणि दुसऱ्यात ३ ज्यूल. वजन दुप्पट झाले की धक्का निम्मा. शिवाय छोट्या मुठीवर करंगळीला जागाच नसते, म्हणजे पकड तीन बोटांची. ज्यांची कातडी वयाने कागदासारखी पातळ झाली आहे किंवा जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात एवढ्या धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात.

आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे अवघ्या ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हाही जाहिरात वजनाचीच झाली. किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते हाताला त्रास देत नसेल तर त्याचे श्रेय ५०० ग्रॅमला देता येणार नाही. त्यातले ‘.३२’ जातीचे जुने काडतूसच सौम्य आहे.

आता हाताकडे येऊ. आमच्या ओपीडीत पन्नाशीपुढच्या बायका सांगतात, "बरणीचे झाकण उघडत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही." दुखते ते अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यात. हा सांधा लवकर झिजतो, कारण त्याच्यावरचा भार आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब पडतो. आणि पिस्तुलात पहिले काडतूस नळीत सरकवायचे तर वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे ओढून सोडावा लागतो. नवखा माणूस तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो, म्हणजे नेमका दुखऱ्या सांध्यावर सगळा भार.

पकडीची ताकद मोजायला आमच्याकडे एक साधे यंत्र असते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि बाईची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर स्नायू क्षीण होत चालल्याची शंका घ्यायची. अशा हाताने कडक स्प्रिंगची स्लाइड मागे येत नाही, किंवा अर्धवट येते आणि काडतूस मध्येच अडकते.

स्लाइडची स्प्रिंग कडक का असते, यात गंमत आहे. जुन्या धाटणीच्या छोट्या पिस्तुलांत गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइडला थोपवून धरण्याचे काम तिचे वजन आणि स्प्रिंग हे दोघेच करतात. स्लाइड लहान आणि हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. दुसऱ्या रचनेत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेल्या असतात, जरा मागे सरकल्यावर सुटतात. तेथे मऊ स्प्रिंग चालते. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये ‘शील्ड ईझेड’ आणले तेव्हा हेच केले. मोठ्या पिस्तुलासाठी योग्य अशी रचना मध्यम काडतुसाला लावली आणि स्प्रिंग सैल ठेवली. मॅगझिनमध्ये काडतुसे भरतानाही अंगठ्याची दमछाक होते, म्हणून त्याच्या बाजूला खाली ओढायची एक छोटी कळ दिली. नाव ‘ईझेड’ म्हणजे इंग्रजी ‘ईझी’च. इटलीच्या बेरेटाने आणखी वेगळी वाट काढली होती. त्यांच्या काही छोट्या मॉडेलांत नळीच मागच्या टोकाकडून वर उचलली जाते आणि काडतूस थेट तिच्यात ठेवता येते, स्लाइडला हात लावावाच लागत नाही.

यंत्राइतकीच रीतही कामाची. चिमटीऐवजी पूर्ण पंजा स्लाइडवर वरून ठेवायचा, पिस्तूल छातीजवळ आणायचे, तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचे, आणि स्लाइड ओढण्यापेक्षा मूठ पुढे ढकलायची. खांदा आणि छातीचे स्नायू बोटांपेक्षा कितीतरी बळकट. रेंजवरचा चांगला प्रशिक्षक हे पहिल्याच दिवशी शिकवतो आणि पुष्कळांची अडचण तिथेच संपते.

"मग रिव्हॉल्व्हरच घ्यावे, स्लाइडची कटकटच नाही," असा सल्ला म्हाताऱ्यांना सगळीकडे मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. हलक्या रिव्हॉल्व्हरचे वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि एकाच ओढीत घोडा उचलून पाडायचा तर चापावर पाच किलोच्या आसपास जोर लागतो. स्वतःच्या वजनाच्या दहापटींहून अधिक जोर एका तर्जनीने लावताना नळीचे तोंड हलणारच. पिस्तुलाचा चाप बहुधा दोन-अडीच किलोत सुटतो. (‘ट्रिगर फिंगर’ नावाचा एक आजार आहे, बोट वाकते ते अडकते आणि खटकन सुटते. मधुमेह्यांत तो बराच दिसतो. त्याचा नेमबाजीशी संबंध नाही, पण तो असेल तर जड चापाचा विचार सोडावा.) ‘.२२’ काडतुसाचे पिस्तूल शिकायला सर्वांत सुखाचे. त्याच वजनाच्या पिस्तुलात त्याचा धक्का ‘.३८०’च्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. दोष एवढाच की त्यात पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे फुसके निघण्याचे प्रमाण अधिक.

डोळ्याचे दुखणे निराळे. नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची खूण आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो. नियम असा की टोकावरची खूण स्पष्ट हवी, लक्ष्य धूसर चालेल. ती खूण हाताच्या अंतरावर, साठ-सत्तर सेंटिमीटरवर. वाचायचा चष्मा चाळीस सेंटिमीटरसाठी, दूरचा चष्मा त्याहून फार लांबसाठी. दोन्ही निरुपयोगी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मान मागे टाकून भिंगाच्या मधल्या पट्ट्यातून पाहावे लागते, आणि मानेच्या मणक्यांची तक्रार सुरू होते. संगणकासाठी करतात तसा एक अंतराचा चष्मा बहुतेकांचे काम भागवतो. लाल ठिपक्याची काच बसवली तर ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर भासतात, चाळिशीचा प्रश्नच मिटतो. मात्र डोळ्यात सिलिंडरचा नंबर असेल तर तोच ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. पैसे मोजण्याआधी काचेतून एकदा पाहून घ्यावे. कानाबद्दल थोडक्यात: पिस्तुलाच्या आवाजाची कमाल पातळी १५० डेसिबलच्या पुढे जाते. उतारवयात ऐकू येणे आधीच कमी झालेले असते. जे राहिले आहे ते टिकवायचे तर बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत.

ज्यांना नेमबाजी शिकायची हौस आहे, घरात शस्त्र ठेवण्याची नाही, त्यांना मी बेलाशक १० मीटरचे हवाई पिस्तूल सुचवतो. धक्का नाहीसाच. स्पर्धेच्या नियमांनुसार चाप किमान ५०० ग्रॅमचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या दहाव्या हिश्श्याचा. नळी ४.५ मिलिमीटरची आणि शक्ती २० ज्यूलच्या आत असेल तर आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाही लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर साठी ओलांडल्यावर नातीला सोबत म्हणून रेंजवर गेल्या आणि स्वतःच नेमबाज झाल्या, त्या याच पिस्तुलावर. जॉर्जियाच्या निनो सालुकवाद्झे १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत दहा ऑलिम्पिक खेळल्या, शेवटचे पंचावन्नाव्या वर्षी. अडचण एकच. हे पिस्तूल किलोभराचे असते आणि एकाच हाताने, हात लांब करून धरावे लागते. खांदा आखडलेला असेल तर मुलांसाठीचे हलके, आखूड मॉडेल मागून घ्यावे. येथे धक्काच नसल्याने हलकेपणाचा तोटा नाही. आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर चालू असेल तर स्पर्धेत उतरण्याआधी विचारा. हाताचा कंप कमी करणारी ही औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदके त्यापायीच गेली. छर्रा ‘फक्त हवेचा’ म्हणून डोळ्यावरचा चष्मा मात्र काढू नये. छर्ऱ्याने डोळा जातो.

आता घरातल्या शस्त्राबद्दल, ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले. जे शस्त्र सांधेदुखीच्या बोटांना सोपे, ते घरातल्या दुसऱ्या बोटांनाही सोपे. अमेरिकेत १९९५ मध्ये मुलांच्या बोटांची ताकद मोजणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्यांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्यांपैकी ९० टक्के मुलांना बाजारातल्या बहुतेक हातबंदुकांचा चाप ओढता येईल, असे त्यात दिसले. मुले चाप दोन्ही बोटांनी ओढतात. नातवंडे सुटीत आजोळी येतात आणि कपाट, उशाखालची जागा, देवघरामागचा कोनाडा सगळे उचकतात, हे कोणी आजोबांना सांगायला नको.

स्मिथ अँड वेसनने १८८०च्या दशकातच मुठीच्या मागे एक पट्टी बसवलेले रिव्हॉल्व्हर काढले होते. तळव्याने ती पट्टी दाबली गेल्याशिवाय चाप सुटत नसे. लहान मुलाला दोन्ही एकदम जमू नये हा हेतू. ‘ईझेड’वरही तशी पट्टी आहे. तिने थोडा फरक पडतो. पण क्षीण पकडीचा म्हातारा हातही ती कधी कधी पुरती दाबू शकत नाही, म्हणून ज्याच्यासाठी पिस्तूल घेतले त्याच्याच हातात ते मुके राहते. तिजोरी घ्यायची तर अंगठा ओळखणारी घेऊ नये. रेशन दुकानात आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात. आकड्यांचे कुलूप बरे, काडतुसे वेगळ्या कुलपात.

दुसरा हात त्याच म्हाताऱ्या माणसाचा. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार मृत्यू झाले. त्यांतले सुमारे २७ हजार आत्महत्येचे होते. तेथे आत्महत्येचे प्रमाण सर्वाधिक आहे ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत. जोडीदार गेलेला, आजार लांबलेला, मुले दूर. आपल्याकडे घरोघरी शस्त्रे नाहीत हे आपले भाग्य, पण ज्या थोड्या घरांत आहेत तेथला म्हातारा माणूस वेगळा नसतो. झोप उडाली, जेवण सुटले, "आता कशात राम नाही" असे बोलणे वाढले, तर डॉक्टरकडे आणा, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला, आणि त्याच दिवशी शस्त्र घराबाहेर काढा. विसराळूपणा वाढून नातेवाईकही परके वाटू लागले असतील तरी तेच.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली. अडुसष्टाव्या वर्षी तपासलेला गृहस्थ पुन्हा समोर येतो तो थेट त्र्याहत्तराव्या वर्षी. मधल्या काळात मोतीबिंदू पिकतो, कंपवात सुरू होतो, पत्नी जाते. त्यामुळे नूतनीकरणाची वाट घरच्यांनी पाहू नये. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. निवडणुकांच्या वेळी अनेक परवानाधारकांनी ते केलेलेच असते. पावती घ्यावी, आणि परवान्याच्या कागदांसोबत मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवायला द्यावी.