बचतीची वही आणि वरणाची वाटी

२०१५ ची दिवाळी आठवतेय का मैत्रिणींनो? तुरीची डाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. आमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिलेला, विहिरी कोरड्या पडलेल्या. आणि गंमत बघा, आम्ही राहतो लातूर जिल्ह्यात. डाळीच्या गिरण्यांसाठी लातूरचं नाव देशभर घेतात. पण तूर पिकवणाऱ्या, डाळ भरडणाऱ्या या मुलुखातल्या बायकाच तेव्हा दुकानात हळू आवाजात ‘पावशेर द्या’ म्हणत होत्या.

आमचा बचत गट चौदा जणींचा. महागाईवर काहीतरी उपाय करायचा म्हणून मीच एक कल्पना काढली. प्रत्येकीने किराणा, दूध, भाजी यांचा रोजचा खर्च वहीत लिहायचा, महिन्याच्या बैठकीत वाचायचा आणि जिचा खर्च सगळ्यात जास्त कमी होईल तिचं कौतुक करायचं. मला माझ्याच कल्पनेचा फार अभिमान वाटला होता!

गटातल्या एका वहिनीने (नाव कशाला सांगू) तीन महिन्यांत महिन्याचा खर्च सहाशे रुपयांनी खाली आणला. तिची वही बैठकीत सगळ्यांना दाखवली, टाळ्या वाजवल्या, स्टीलचा डबा बक्षीस दिला. फेब्रुवारीच्या बैठकीत तीच वहिनी सतरंजीवरून उठताना चक्कर येऊन पडली.

दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पावणेआठ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय काय खाता?” वहिनी म्हणाली, “सगळंच खाते की.” बाहेर आल्यावर मी पुन्हा विचारलं, तेव्हा खरं काय ते कळलं. डाळ एक मूठच शिजवायची. पोरांना आणि मालकांना घट्ट वरण वाढायचं, आपण वरचं पाणी भाकरीवर घ्यायचं. दूध अर्ध्या लिटरवरून पावावर आणलेलं, तेव्हा हिचा चहा कोरा. भाजी उरली तर उरली, नाही तर चटणी आहेच. “ताई, वहीत आकडा कमी दिसला पाहिजे ना,” ती म्हणाली.

तिच्या मांडणीवर तो स्टीलचा डबा होता. मला तिकडे बघवेना.

हे तिच्या एकटीचं नाही. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलंय. कारणं पुष्कळ असतील, पण शेवटी जेवायला बसणं हे त्यातलं एक आहे, असं मला तरी वाटतं. घरातल्या पुरुषमंडळींनी रागावू नये. कुणी मुद्दाम करत नाही. पातेल्यात किती उरलंय हे वाकून बघायची सवयच नसते, इतकंच.

मग आम्ही बक्षीस बंद केलं आणि ठरवलं, पैसे वाचवायचे ते खरेदीत, ताटात नाही.

२०१६ चा पाऊस चांगला झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि हिवाळ्यात तुरीचं अमाप पीक आलं. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारी हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता, पण बाजारात चार हजारांच्या आसपास मागणी. खरेदी केंद्रावर रांगा, बारदाना नाही. गटातल्या तिघींच्या घरी तूर पडून होती. तेव्हा एकजण म्हणाली, “आपणच का घेत नाही आपली तूर?”

सहा क्विंटल तूर आम्ही त्या तिघींकडून हमीभावानेच घेतली. भाव पाडून घ्या, असं कुणी सुचवलं नाही असं नाही! पण शेजारणीच्या घामावर आपली बचत करायची, हे बाकीच्यांना पटलं नाही. छोट्या गिरणीत भरडून आणली. शंभर किलो तुरीची साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ पडते. आम्हाला ७२ च्या हिशोबाने पडली, म्हणजे किलोला सत्तर रुपये, वर भरडाईचे थोडे. दुकानापेक्षा दहा-पंधरा रुपये कमीच. माणशी ३१ किलो डाळ आली, पाच माणसांच्या घराला वर्षभराची. चुनी निघाली ती म्हशी असणाऱ्यांनी वाटून घेतली.

आता सगळ्यांच्याच हातात एकदम दोन-अडीच हजार रुपये कुठून येणार? आमच्यातल्या पाचजणी रोजंदारीवर जातात. संध्याकाळी हातात पैसे आले की दहाचं तेल, पाचची चहापत्ती आणायची, असा त्यांचा संसार. आणि सगळ्यात महाग किराणा नेमका त्याच घेतात. पाच रुपयांच्या पुडीत किती ग्रॅम चहा असतो ते बघा आणि किलोचा भाव काढा, डोळे पांढरे होतील. म्हणून गटाने धान्यासाठी वेगळं कर्ज काढलं. इतर कर्जाला महिना दोन टक्के व्याज, याला एकच टक्का, दहा हप्त्यांत फेडायचं. आजवर एकीचाही हप्ता बुडालेला नाही.

तेव्हापासून सुगीत माल भरायची पद्धतच पडली. फेब्रुवारीत तूर, मार्चमध्ये ज्वारी, एप्रिलमध्ये गहू. ज्यांच्या रेशनकार्डावर गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतो, त्या फक्त डाळ आणि ज्वारीत भाग घेतात. भरलेलं टिकवायला मात्र हवं. पहिल्या वर्षी माझ्याच कोठीत गव्हाला सोंडे झाले, कारण ऊन एकच दिवस दिलं होतं. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, धान्य पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरायचं, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावायचा, गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. सासूबाई हेच सांगायच्या, तेव्हा मी कंटाळायचे.

पाकिटाच्या मालाचं एक सांगते. तेलाची पिशवी घेताना चित्र बघू नका, वजन बघा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारची तशीच दिसणारी पिशवी कमी वजनाची असू शकते आणि चार रुपयांनी ‘स्वस्त’ म्हणून आपण तीच उचलतो. हल्ली पाकिटावर बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो. चष्मा लावून तो वाचायचा. दुकानदार हसतो, हसू दे.

काही गोष्टी आपल्या हातातल्या नाहीतच. सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरचं आयात शुल्क वाढलं आणि ऐन सणात कढई महागली. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला. तेव्हा आम्ही आमटीला चिंचेचा कोळ घातला, कुणाचं काही अडलं नाही. हुलगे, मटकी, चवळी आलटूनपालटून करायच्या. येसर तर आमच्या मराठवाड्यातली जुनीच युक्ती. ऐनवेळी पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. पण येसराची आमटी म्हणजे वरण नव्हे. आठवडाभर तीच करून ‘डाळ वाचवली’ म्हणायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे.

आणि वहीत एक रकाना वाढवला. ‘मी काय खाल्लं.’ सुरुवातीला सगळ्या लाजल्या. एकीने तर ‘पोटभर’ एवढंच लिहून आणलं. मग ठरलं, वरण किती वाटी, दूध किती, पालेभाजी होती की नाही, असं लिहायचं. वहिनीने गोळ्यांबरोबर तो रकानाही नेमाने भरला. सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन साडेदहावर आलं. तिचा महिन्याचा खर्च त्या सहाशेतला दोनशेनं पुन्हा वाढला होता. तो आकडा तिने बैठकीत मोठ्याने वाचला.

मागच्या महिन्यात बैठक संपताना तिने एकदम माझ्याकडे हात पुढे केला. “ताई, सगळ्यांच्या वह्या बघता, तुमची दाखवा की.” पंधरा दिवस पाहुणे होते, गडबड होती, असं मी काहीतरी पुटपुटले. वही उघडली तर शेवटचे नऊ दिवस माझा रकाना कोरा. वहिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा झाकण लावलेलं पातेलं घेऊन दारात उभा. “आईनं सांगितलंय, तुमच्यासमोर खाल्ल्याशिवाय भांडं आणू नको.”

आत शेवग्याचा पाला घातलेलं घट्ट वरण होतं.