निघोज–टाकळी हाजी येथील रांजणखळगे
निघोज–टाकळी हाजी येथील रांजणखळगे हे कुकडी नदीच्या पात्रातील बेसाल्ट खडकात निसर्गतः निर्माण झालेले खळगे आहेत. येथे नदी ही पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांची सीमा असून टाकळी हाजी शिरूर तालुक्यात, तर निघोज पारनेर तालुक्यात आहे. मळगंगा देवीचे मंदिर असलेल्या या स्थानास ‘कुंड’ असेही म्हणतात.

निर्मिती
वेगवान प्रवाहाच्या भोवऱ्यांत सापडलेले दगडगोटे खडकातील खोलगट जागी गरगर फिरून तो झिजवतात. दीर्घकाळ चाललेल्या या घर्षणाने रांजणाच्या आकाराचे खळगे तयार होतात. लगतचे खळगे एकमेकांस मिळून अरुंद घळ बनते.

पर्यटन
शिरूरहून एका दुपारात हे स्थान निवांतपणे पाहता येते. पाणी कमी असताना खळगे स्पष्ट दिसतात. मात्र वरून संथ भासणारे पाणी आत खोल असते आणि गुळगुळीत, उभ्या कडांना हाताला आधार मिळत नाही. नदीवर वरच्या बाजूस माणिकडोह व येडगाव ही धरणे असल्याने विसर्गानुसार प्रवाह वाढू शकतो. म्हणून पात्रात न उतरता काठावरूनच खळगे पाहणे इष्ट ठरते.

कुकडी पुढे घोड नदीस मिळते, आणि घोडेचे पाणी भीमेतून दौंडकडे जाते.